मामांच्या घराला वरचा मजला

किल्लारीत माझ्या मामांकडे चहाला बसलात, तर चप्पल पायातच राहू द्या. दुसरा घोट घ्यायच्या आत मामा ओरडतील, "निघा!" मग कपबशी टाकून सगळ्यांनी अंगणात पळायचं. तिथे मामा निकाल सांगतात. मी बहुतेक पास होते. माझ्यासारखी गप्प बसणारी माणसं दाराजवळच बसतात. मामी दरवेळी नापास, कारण ती आधी दूध उतरवते.

"मरशील की दुधापायी!"

"मरंन. पण उतू जाऊ द्यायची न्हाई."

हे दोन खोल्यांचं घर भूकंपानंतर मिळालेलं. तेव्हापासून मामा स्लॅबखाली झोपलेले नाहीत. अंगणात बाज, पावसाळ्यात पत्र्याचं शेड. "पत्रा पडला तर टेंगूळ, स्लॅब पडला तर तेरावा," असा त्यांचा हिशोब.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, आमच्या दादाने, लातूरचा फ्लॅट सोडून गावी राहायला यायचं ठरवलं. वहिनीची अट एकच: घर नीट करून घ्या. मामा हरखले आणि मिस्त्रीच्या मागे लागले. सगळी दारं बाहेर उघडणारी हवीत. "आत वढायला टाइम कुठाय?" बाथरूमचं दार बसवलं त्याच दिवशी ते मिस्त्रीच्या कपाळावर बसलं. किचनमध्ये डोक्यावर कपाट नको, म्हणून सगळे कप्पे कमरेखाली. वहिनी बघायला आली, वाकली, आणखी वाकली. "इथे स्वयंपाक करायचा की योगासनं?"

तेही तिने चालवून घेतलं. पण मुलांना अभ्यासाला वर खोली हवीच, नाहीतर आम्ही लातूरलाच बरे, असं ती स्पष्ट म्हणाली.

"लेकरं वर? जमायचं न्हाई."

ती गेल्यावर दोन दिवस मामांनी कुणाला 'निघा' म्हटलं नाही. घरात चहा शांतपणे प्यायला जाऊ लागला, आणि कुणालाच तो गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ते मिस्त्रीला म्हणाले, "सळई वाढव. अन् जिना सरळ अंगणात उतरव."

खोली झाली. मामांनी आपली बाज उचलून वर नेली.

"आवं, येड लागलं का?" मामी म्हणाली.

"लेकरं यायच्या आदी कुनी झोपून बघाय नगं?"

मी सुट्टीत गेले तेव्हा सकाळी त्यांचा चहा घेऊन वर गेले. मामा फोनवर वहिनीशी बोलत होते. "हाव, लई ब्येस झोप लागती बघा वर. पडलं की सकाळच! घेऊन या लेकरं."

त्यांचे डोळे लालभडक होते. खोलीच्या मधोमध खुर्ची होती, आणि बाजेवर मामीने दिलेली चादर, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जिन्यावर मामीची पावलं वाजली. मी चहा त्यांच्या हातात दिला, चादर बाजेवर पसरली आणि दोन्ही हातांनी चांगली चुरगळली.