माझ्या नवऱ्यानं मला एकदाही…

सकाळी शेषेराव केळीच्या बागेत ठिबकची नळी झटकत होते, तेवढ्यात नागप्पाचा फोन आला. नागप्पाचं अर्धापुरात नाक्यावर चहाचं हॉटेल. गावातली कुठलीही खबर आधी त्याच्या किटलीत उकळायची आणि मग गावात जायची.

"शेषेराव, वहिनी बातमीत आल्यात. मोबाईलवर."

"मग चांगलंच हाय की."

"चांगलं का वाईट तेच समजंना झालंय. तुम्ही आधी इकडं या."

शेषेराव गेले. हॉटेलात एका मोबाईलवर चार डोकी वाकलेली होती. त्यांना पाहताच ती चारही डोकी एकदम सरळ झाली, आणि शेषेरावांना पहिली शंका तिथंच आली.

बातमी नांदेडच्या एका वेबसाइटवर होती. वर सिंधुताईंचा फोटो. केळीच्या खोडातून धागा काढायच्या मशीनजवळ त्या उभ्या, हातात धाग्याची जुडी. खाली ठळक अक्षरांत ‘टाकाऊ खोडातून रोजगार : अर्धापूरच्या सिंधुताईंची जिद्द.’ आणि त्याच्याखाली त्यांच्या तोंडचं एक वाक्य. ‘माझ्या नवऱ्यानं मला एकदाही…’

बस. त्यापुढची अक्षरं धुक्यात गेल्यासारखी पुसट होत गेली होती. खाली कुलपाचं चित्र आणि सूचना : पुढील मजकूर केवळ सदस्यांसाठी.

"एकदाही काय?" शेषेरावांनी विचारलं.

"तेच तर आम्ही तुम्हाला विचारू लागलोय," खताच्या दुकानाचा मालक मल्लेश म्हणाला. "एकदाही साडी आणली न्हाई, का एकदाही माहेरी धाडलं न्हाई?"

"एकदाही हात लावला न्हाई, असंही असू शकतं," नागप्पा म्हणाला.

"म्हंजे मारलं न्हाई असं?"

"मी फक्त वाक्य पुरं केलं. अर्थ ज्याचा त्यानं लावावा."

शेषेराव चहा न पिता घरी आले. सिंधुताई अंगणात दोरीवर धागा वाळत घालत होत्या.

"तू त्या दयानंदला काय सांगितलंस?" दयानंद म्हणजे त्या वेबसाइटचा वार्ताहर. मागच्या आठवड्यात येऊन मुलाखत घेऊन गेला होता.

"काय सांगितलं म्हंजे? जे विचारलं ते सांगितलं."

"माझ्याबद्दल काय बोललीस?"

सिंधुताईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, मुलाखत याच अंगणात झाली. तुम्ही त्या बाजंवर बसला होता. तासभर."

हे खरं होतं. पण तो तासभर शेषेराव मोबाईलवर पोकलेनने विहीर खोदायचा व्हिडिओ पाहत होते. विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यांनी मान वर केली, तोवर दयानंद चपला घालत होता.

"माझं ध्यान नव्हतं," ते म्हणाले.

"मग आता छापून आलंय. वाचा की."

"कुलूप हाय त्याला."

"मग उघडा. मी दुसऱ्यांदा सांगणार न्हाई. एकदा तुमच्या समोर बोलले, तेवढं बास."

सिंधुताई एकदा ‘नाही’ म्हणाल्या की ती ‘नाही’ पक्की असते, हे शेषेरावांना पंचवीस वर्षांत समजलेलं होतं. त्यांनी बाजेवर बसून कुलूप उघडायला घेतलं.

आधी नाव विचारलं. दिलं. मग ईमेल विचारला. तो मुलीनं, साक्षीनं, पीकविम्याच्या वेळी काढून दिला होता, वहीत सापडला. मग पासवर्ड. त्यांनी इंग्रजी अक्षरांत ‘केळी’ टाकला. मोबाईलवर लाल अक्षरांत आलं : पासवर्ड कमजोर आहे.

"कमजोर कोणाला म्हणतो रे," शेषेराव मोबाईलला म्हणाले आणि केळीला एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह जोडून तिला धडधाकट केलं. ओटीपी आला. तो टाकेपर्यंत मुदत संपली. दुसरा आला. तो टाकला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर वेबसाइटनं त्यांचं नाव घेऊन स्वागत केलं आणि खाली लिहिलं : ही बातमी केवळ वर्गणीदारांसाठी आहे. महिना नव्व्याण्णव रुपये.

नव्व्याण्णव रुपये शेषेरावांना जड नव्हते. पण तत्त्व जड होतं.

"बाई माझी, अंगण माझं, वर दयानंदला चहा माझा," ते म्हणाले. "आणि ती काय बोलली ते वाचायला पैसे मीच द्यायचे? न्हाई देत."

दुपारपर्यंत अर्धं वाक्य उमरीला पोचलं. उमरी हे सिंधुताईंचं माहेर. त्यांचा धाकटा भाऊ अमरनाथ मोटरसायकलवर आला आणि अंगणात उभ्यानंच म्हणाला, "दाजी, आमच्या ताईला काय कमी पडलं ते आज समजलं पाहिजे."

"तुझ्या ताईलाच विचार."

अमरनाथनं विचारलं. सिंधुताई म्हणाल्या, "मी खरं तेच बोलले. तू जेवून जा."

"बघा," अमरनाथ म्हणाला. "खरं तेच बोलली." आणि तो जेवला, पण शेषेरावांकडे पाठ करून.

संध्याकाळी साक्षीचा लातूरहून फोन आला. ती तिथं शिकवणीला होती आणि हॉस्टेलात मोबाईलला बंदी. रविवारचा रविवार दहा मिनिटं फोन मिळायचा. तो दिवस नेमका रविवारच होता.

"बाबा, आईला तुम्ही काय केलं?"

"मी काय केलं? काहीच केलं न्हाई."

"मेसवाल्या मावशींनी त्यांच्या मोबाईलवर दाखवलं, त्याही तेच म्हणू लागल्यात. माझ्या नवऱ्यानं मला एकदाही काहीच केलं न्हाई, असं असेल म्हणे. बाबा, नव्व्याण्णव रुपये भरा आणि वाचून टाका ना."

"भरणार न्हाई. मेलो तरी भरणार न्हाई."

"मग निदान गावात कोणी भरलं असेल, त्याचं वाचा."

हा धोका शेषेरावांच्या ध्यानातच आला नव्हता. उद्या कोणी नव्व्याण्णव रुपये टाकून आपली बायको काय म्हणाली ते आपल्या आधी वाचलं तर? ते तसेच उठले आणि नागप्पाच्या हॉटेलात गेले. तिथं बाकावर उभं राहून बोलायची त्यांची तयारी होती, पण बाक हलत होता, म्हणून ते बसूनच बोलले.

"नागप्पा, तुझ्या हॉटेलात रोज एक पेपर येतो. वाचतात किती?"

"पन्नास तरी वाचतात. एक पान तर सलूनवाला घेऊन जातो."

"कोणी कुलूप लावलं का त्याला? बातमी म्हंजे गावाची विहीर हाय. आज एका वाक्याला कुलूप लावलं, उद्या हळदीच्या भावाला लावतील, परवा पावसाच्या अंदाजाला. आपलीच खबर न्यायची अन् आपल्यालाच विकायची. म्हणून आपण ठरवायचं. अर्धापुरातल्या एकाही माणसानं त्या वेबसाइटला एक रुपया द्यायचा न्हाई."

लोकांना ते पटलं. मल्लेश तर म्हणाला, "भरणाऱ्यानं सगळ्या हॉटेलाला चहा पाजायचा." नागप्पाच्या किटलीवर हात ठेवून शपथ झाली. किटली गरम असल्यामुळे शपथ थोडक्यात उरकली.

पुढचे चार दिवस शेषेराव ताठ मानेनं वावरले. मान ताठ ठेवणं मात्र सोपं नव्हतं. मुदखेडच्या बचत गटातल्या दोन बायका सिंधुताईंना भेटून गेल्या आणि जाताना शेषेरावांकडे बघून हळूच मान हलवून गेल्या. केळीचा व्यापारी भाव ठरवताना म्हणाला, "मालक, घरी जरा बघत चला." मल्लेश रोज नवीन वाक्य पूर्ण करून आणायचा. गुरुवारी त्यानं आणलेलं वाक्य असं होतं की ते ऐकून शेषेराव चहा अर्धा टाकून उठले.

शुक्रवारी भर दुपारी, बागेच्या अगदी मधोमध, चारी बाजूंनी केळीची पानं आहेत याची खात्री करून त्यांनी नव्व्याण्णव रुपये भरले. कुलूप उघडलं. धुकं गेलं.

‘माझ्या नवऱ्यानं मला एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. म्हणून मी इथवर आले.’

शेषेराव बुंध्याला टेकून खालीच बसले. मशीन घ्यायच्या वेळी ते नाही म्हणाले होते. शेड घालायच्या वेळी नाही म्हणाले होते. वीज जोडून घ्यायच्या वेळी तर दोनदा नाही म्हणाले होते आणि वर, खोडं बांधावर फेकायची असतात, त्याची दोरी करायची नसते, असंही सुनावलं होतं. तरी बाई जगापुढं असं बोलली. आपलं सगळं पोटात घालून बोलली. त्यांनी पुढचंही वाचलं. ‘ते झोपेतसुद्धा केळीचे भाव सांगतात,’ असंही त्यात होतं, पण तेही आज त्यांना गोड लागलं.

ते उठले ते थेट नाक्यावर गेले. सगळ्यांना ओरडून सांगावं असं वाटत होतं, आणि सांगता मात्र येत नव्हतं. शपथ त्यांचीच होती. ते गुमान बसले.

"आज लई खुशीत," नागप्पा म्हणाला.

"सहज."

"वहिनीनं सांगितलं वाटतं वाक्य."

"न्हाई. मी विचारतही न्हाई अन् वाचतही न्हाई."

"तेच बरं," मल्लेश चहा फुंकत म्हणाला. "डोक्याला नसता ताप करून घेऊ नका. झोपेत भाव तरी चांगला लागतो ना केळीला?"

शेषेराव हसले. हसता हसता थांबले. "झोपेतलं तुला कसं ठाऊक?"

मल्लेश कपाकडे बघू लागला.

"मल्लेश, ते कुलपाच्या आत हाय."

"कोण म्हणतं आत हाय?" नागप्पा मधे पडला. "ते तर शेवटून दुसऱ्या—" आणि तोही थांबला.

मग कोपऱ्यातून सलूनवाला हळूच म्हणाला, "पण शेषेराव, आत हाय हे तुम्हाला कसं समजलं?"

हिशेब व्हायला वेळ लागला नाही. शपथेच्याच दिवशी घरी जाऊन तिघांनी पैसे भरले होते, सोमवारी पाच जणांनी. नागप्पानं तर वर्षाची वर्गणी भरली होती. स्वस्त पडते म्हणे.

"सगळ्यांनी वाचलं होतं, मग मला चार दिवस कामून छळलं?"

"वाचलं म्हणून सांगावं तर तुम्हीच शपथ मोडली म्हणाला असता," नागप्पा म्हणाला. "अन् खरं सांगू का? मशीन आली त्या दिवशी तुम्ही इथंच बसून काय काय बोलला होता, ते आम्ही ऐकलंय. वहिनीनं तुमचं लई झाकून घेतलं."

शेषेराव घरी आले. सिंधुताई मशीनजवळ बसून खोडाच्या पट्ट्या सोलत होत्या. शेषेराव कोणी न सांगता समोर बसले आणि एक खोड ओढून स्वतः सोलू लागले.

"काय झालं?" सिंधुताईंनी विचारलं.

"वाचलं मी. पैसे भरून. लई मोठ्या मनाची हायेस तू."

"मी काय केलं?"

शेषेरावांनी मोबाईल काढला आणि घसा साफ करून वाचलं, "माझ्या नवऱ्यानं मला एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही."

सिंधुताईंचा विळा थांबला. "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"मी असं म्हणले न्हाई," सिंधुताई म्हणाल्या. "मी म्हणले, माझ्या नवऱ्यानं मला एकदाही ‘हो’ म्हटलं न्हाई. म्हणून मी विचारायचंच सोडून दिलं, अन् म्हणून इथवर आले." त्यांनी हात पुसले. "लावा त्या दयानंदला फोन. स्पीकरवर."

दयानंदनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, मला वाटलं बोलण्याच्या ओघात तुमची चूक झाली. म्हणून मी सुधारून लिहिलं."

"चूक माझी न्हाई, तुमची हाय. दुरुस्ती छापा."

"वहिनी, दादांची हरकत नसेल तर छापतो."

सिंधुताईंनी शेषेरावांकडे पाहिलं. "काय म्हणता? छापू द्यायचं का?"

शेषेरावांच्या तोंडात ‘न्हाई’ तयारच होती. ती पंचवीस वर्षं तयारच असायची. अमरनाथ, साक्षी, मुदखेडच्या बायका, केळीचा व्यापारी, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. सोललेल्या पट्टीचा चिकट रस त्यांच्या बोटांवरून मनगटावर ओघळत होता.

"हो," ते म्हणाले.

सिंधुताई फोनकडे वाकून म्हणाल्या, "दयानंदराव, त्यात ‘कालपर्यंत’ असं घाला. कालपर्यंत एकदाही ‘हो’ म्हटलं न्हाई."

"घालतो वहिनी. उद्या सकाळी येईल."

"थांबा," शेषेराव म्हणाले आणि त्यांनी चिकट हातानंच फोन उचलला. "ती दुरुस्ती कुलपाच्या बाहेर छापायची. पुरी, शेवटच्या अक्षरापर्यंत. माझी बेइज्जती वाचायला माझ्या गावानं एक रुपयाही भरायचा न्हाई."