मशीनचे पाय

चारोटीचा सुक्या मासळीचा व्यापारी जीवनशेठ शुक्रवारी यंत्र बघायला येणार हे ठरलं, आणि नेमके त्याच आठवड्यात कल्पिताच्या ओल मोजणाऱ्या यंत्राचे आकडे चढू लागले. सोमवारी आईच्या बोंबलांचा आकडा चौदा होता, मंगळवारी एकोणीस, बुधवारी सव्वीस. आकडा पंधराच्या आत असला की बोंबील पक्का सुकलेला, हे तिनेच यंत्राच्या पाठीवर कागद चिकटवून लिहिलं होतं.

वापीच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने चिखले गावात, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, ‘दर्या इन्स्ट्रूमेंट्स’ सुरू केली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. २०१७चा डिसेंबर संपत आला होता. कंपनीत मालक, कारागीर आणि झाडूवाली मिळून एकटी कल्पिता. यंत्र पंजात मावेल एवढं, खाली दोन सुया. त्या मासळीत टोचल्या की आत किती ओल राहिली ते वरच्या काचेत उमटे. प्रयोगशाळेतलं असलं यंत्र घ्यायचं तर होडीचं इंजिन विकावं लागलं असतं. हे मासळीवालीलाही परवडावं, यासाठी तर सारा खटाटोप. एका स्पर्धेत बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. विकलं मात्र एकही गेलं नव्हतं.

पण तिच्या जिवाला खरी ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. आईने एकदा, एकदाच, ते हातात घेऊन विचारावं, कसं चालतं गं हे? तिची आई मैना तीस वर्षं बोंबील विकत होती. एक उचलायचा, कानाजवळ मोडायचा आणि आवाजावरून सांगायचं, सुकला की नाही ते. यंत्राकडे तिने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. रविवारी एवढंच म्हणाली होती, की टेबलावर धूळ बसते, तुझी वस्तू रात्रीची देवाजवळ ठेवत जा. कल्पिताला वाटलं, आईला टेबल मोकळं हवं असेल.

बुधवारचे सव्वीस बघून कल्पिताने आईला सांगितलं की मासळी ओली आहे. मैनाने एक बोंबील मोडला, ऐकला आणि मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

“यंत्र खोटं नाही बोलत, आई.”

“नाही ना? मग झालं,” मैना म्हणाली. बांधलेलं गाठोडं तिने सोडलं आणि सगळे बोंबील परत उन्हात, बांबूच्या वलांडीवर वाळत टाकले.

मैनाने टाकले म्हटल्यावर शेजारच्या नवशीने टाकले, देवजीच्या सुनेने टाकले. गुरुवारी आकडा अडतीसवर गेला, म्हणून कोणी उतरवले नाहीत. शुक्रवारी उजाडेपर्यंत आळीतले बोंबील असे वाळले, की हात लावावा तो भुगा होऊन खाली. कावळ्यांनाही चोचीत धरता येईनात. नवशीने वलांडीखाली जुनं लुगडं अंथरलं आणि कल्पिताला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की आता हे डब्यात भरू, पावडर म्हणून तोंडाला लावायला विकू.

जीवनशेठ दहाला आला, ओट्यावर टेकला, पाणी प्यायला. कल्पिताने त्यातल्या त्यात धड बोंबील निवडून सुया टोचल्या. एकसष्ट. शेठने दुसरा दिला. एकसष्ट. मग शेठला गंमत वाटू लागली. त्याने यंत्र ओट्याच्या फळीला लावलं, खिशातल्या पेपराला लावलं, शेवटी नवशीने मुद्दाम पुढे केलेल्या पापडाला लावलं. सगळीकडे एकसष्ट.

“कल्पिताबेन,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “तुमच्या मशीनच्या हिशोबाने हा पापड अजून दर्यात पोहतोय.”

भुगा चटणीला चालेल म्हणून त्याने दोन गोणी भरून घेतल्या. यंत्राचं पुढच्या खेपेला बघू म्हणाला, आणि गेला.

पुढचे तीन दिवस कल्पिताने सेल बदलले, वायरी तपासल्या, रात्र रात्र प्रोग्राम वाचला. मग तिने यंत्र पहिल्यांदा उलटं धरलं. सुया लखलखीत होत्या, पण जिथून त्या डब्याबाहेर येतात तिथे बुडाशी पिवळट-तांबडा थर बसला होता. तिने तो नखाने खरवडून जिभेला लावला. खारट.

“आई, ह्याला काय लावतेस तू?”

मैना दारातच उभी होती. “लावते कसलं. पाय धुते रोज.”

“कोणाचे?”

“ह्याचे. दोन पाय आहेत ना त्याला. पहाटे तांब्याभर दर्याचं पाणी आणायचं, पाय धुवायचे, हळदकुंकू वाहायचं. मग पुसून ठेवते, तुला नको कळायला म्हणून.” मग ती जरा घुटमळली. “पहिलं मशीन विकलं जाईपर्यंत चहा पण सोडलाय मी.”

मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि यंत्र तिलाच ओल समजतं, हे सांगायला कल्पिताने तोंड उघडलं. पण विचारलं वेगळंच. “बुधवारी तुला कानाने कळलं होतं ना, बोंबील कोरडे आहेत? मग परत का टाकलेस?”

“तुझं मशीन बोललं ना,” मैना म्हणाली.

कल्पिताने सुया गोड्या पाण्याने धुतल्या, कोरड्या केल्या. पापड नऊवर आला.

पंधरा दिवसांनी नवी मासळी सुकली. चारोटीच्या बाजाराला निघताना मैनाने न सांगता यंत्र टोपलीत टाकलं, आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन परत आली. कल्पिताचा जीव कानांत गोळा झाला. मैना सांगू लागली, की गिऱ्हाईक चिवडत नाही, घासाघीस करत नाही. सुया टोचल्या की गप्प बसतं. नवशीला एक पाहिजे, बाजारात शेजारी बसणाऱ्या डहाणूच्या चिमणच्या बायकोलाही एक.

“आकडा किती दाखवत होतं, आई?”

“आकडा कुठला? चालू कोण करतंय ते. टोचते, मग कानाजवळ मोडते आणि सांगते.” मैनाने चुंबळ सोडून ठेवली. “त्या दोघींना देशील त्यातले सेल तेवढे काढून दे गं. डोक्यावर उगाच जड होतं.”

कंपनीची ती पहिली मागणी. कल्पिता पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली, दोन यंत्रं जोडली, आणि दोन्हीत सेल घातले. मग चालू करायच्या बटणावर तिने मोठा लाल ठिपका काढला. कधीतरी कोणाचा अंगठा चुकून तरी पडेल म्हणून.