जर्दाळू गल्ली ओलांडल्याची हकिकत

सर्व सुज्ञ वाचणारांस विदित व्हावे. लुसिलिया बेतेंकूर बाईसाहेब, वयाने ऐंशीच्या पलीकडल्या, यांनी आपल्या दारासमोरील जर्दाळू गल्ली या तीरावरून त्या तीरास कैसी पार केली, मार्गी कोण आडवे आले, कोणाची कुमक पोचली आणि कोणाची अक्कल गहाण पडली, ते साद्यंत लिहितो. पदरचे घालीत नाही, आणि कोठे घातलेच तर चवीपुरते.

सांताक्लारा परगणा म्हणजे खाडीचे दक्षिणेस, दोहो डोंगररांगांमध्ये वसलेला मातबर मुलूख. पंधरा शहरे, एकोणीस लक्षांच्या आसपास रयत. पेशजी येथे फळबागांची पातशाही होती, आणि वसंत ऋतूत डोंगरावरून पाहता अवघा मुलूख मोहराने पांढराफेक दिसे. मग वाळूपासून चकत्या घडविणारे कारागीर आले आणि बागा तुटल्या, आणि चकत्यांवर यंत्रे, यंत्रांवर कंपन्या, कंपन्यांवर मनसबदार ऐसा डोलारा उभा राहिला. मग चहू खंडांतून शहाणे लोक लोटले. व्हिएतनामी आले, चिनी आले, फिलिपिनो आले, आणि आमचे पुणेकरही आले, ते येताच पार्किंगवरून भांडो लागले. घरात माणसे दोन आणि फोन सहा. हुशारी ऐसी की ठेवावयास जागा नाही, परंतु शेजारणीच्या दारी जावयास कोणास फुरसत नाही.

त्या परगण्यात जर्दाळू गल्ली. जर्दाळूचे झाड एकच उरले, ते बाईसाहेबांचे अंगणी. बाईसाहेब अझोरेस बेटांवरून कोवळ्या वयात आल्या, फळे डब्यात भरण्याच्या कारखान्यात लागल्या, आणि तेथे डबे वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशी शेजारी उभी राहिली ती चेलो आर्रियागा, मेक्सिकोची लेक, जिभेची तिखट आणि मनाची लोणी. पुढे कारखाना बुडाला, नवरे निवर्तले, पोरे पांगली, परंतु समोरासमोरच्या घरांतील या दोघींची सकाळची कॉफी सुटली नाही. गेल्या हिवाळ्यात चेलोबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, वाकणे मात्र बंद जाहले, आणि वाकणे बंद म्हणजे मोजे घालणे बंद. मग लुसिलियाबाईंनी नित्य सकाळी गोड पाव घेऊन जावे, बुटक्या स्टुलावर बसोन मैत्रिणीचे पायी मोजे चढवावे आणि मग कॉफी घ्यावी, ऐसा शिरस्ता पडला.

चेलोबाईंची कन्या मारिसोल फ्रेस्नो प्रांती राहे. तिने फर्मान धाडिले की, सकाळी आईपाशी कोणी येत असेल तोवर आईने तेथे राहावे, आणि येणे बंद पडेल त्या रोजी आपण जातीनिशी येऊन तिजला फ्रेस्नोस नेऊ. फ्रेस्नो म्हणजे चेलोबाईंचे मते जिवंतपणीचा वनवास; तेथे उन्हाळा भट्टीसारखा आणि ओळखीचे कुत्रेही नाही.

ऐसे सुखाचे चालले असता गनीम उपस्थित जाहला. त्या मुलुखी लोक देवाचे ऐकत नाहीत, बायकोचे ऐकत नाहीत, परंतु फोनातील नकाशाबाई जे सांगेल ते शिरसावंद्य. एके सकाळी नकाशाबाईचे मनात आले की राजमार्ग तुंबला आहे, तरी कचेरीस जाणारी फौज जर्दाळू गल्लीने काढावी. झाले! गाडीमागे गाडी, गाडीमागे गाडी, ऐसी धार लागली ती सकाळ सरेतो खळेना. लुसिलियाबाई पाव घेऊन काठावर उभ्या. एक पाऊल पुढे टाकावे, भोंगा वाजावा, पाऊल मागे घ्यावे.

पलीकडल्या खिडकीतून चेलोबाईंनी ललकारले, "अगं ये की! पाय बर्फ झाले माझे!"

"कशी येऊ? पंख लावून येऊ?"

"तू नको येऊ, निदान पाव तरी फेक, मेले!"

बाईसाहेबांनी नेम धरोन पाव फेकिला. तो एका गाडीचे टपावर जाऊन बसला आणि थेट कोण्या कंपनीत नोकरीस लागला. बाईसाहेब घरात आल्या, दार लोटले आणि रडल्या. हेही लिहिणे प्राप्त आहे.

ऐसे रोज घडो लागले. चेलोबाईंना खोटे बोलता येत नाही. मारिसोलने फोनवर पुसले, "आई, मोजे घातलेस?" तर म्हणाल्या, "आज उकडतंय." आणि बाहेर तर धुके होते. मग मारिसोलचा हुकूम सुटला की, शुक्रवारी येते, तयारीत राहावे.

मग बाईसाहेबांचे अंगणी मसलत बसली. शेजारचे खोआ त्रिन हे खुद्द नकाशाबाईच्या दरबारी चाकरीस. त्यांनी कचेरीत तक्रार गुदरली होती, तिजवर उत्तर आले की नकाशा यथास्थित चालतो, रस्ता जाण्यासाठीच असतो. खोआपंत मान खाली घालोन बसले. बाईसाहेब म्हणाल्या, "अरे, त्या बयेला कुणी काही सांगू शकत नाही का?"

"आजी, ती सांगून ऐकत नाही. तिला दाखवावं लागतं. गल्लीत गाड्या अडकल्यात असं तिला वाटलं ना, की आपोआप दुसरीकडे वळवेल."

ही तजवीज ऐकोन गल्लीतील समस्त इंजिनियरांनी माना डोलावल्या. त्या परगण्यात प्रत्येक घरी एक खण जुन्या फोनांचा असतो, टाकवत नाहीत आणि वापरवत नाहीत. ते सारे खण रिते करोन फोन जागे केले, आणि गुरुवारी दिवस मावळावयाचे सुमारास चेलोबाईंच्या अंगणी गुलाबांच्या झुडपांखाली पेरिले. मनसुबा हा की, इतके फोन एके जागी थिजलेले पाहोन नकाशाबाईने रस्ता तुंबला ऐसे समजावे.

शुक्रवार उजाडला. नकाशाबाईने फोन पाहिले, आणि विचार केला की, गाड्या गुलाबात उभ्या राहत नाहीत. ही तर माणसे. आणि भल्या पहाटेपासून इतकी माणसे हलत नाहीत, त्या अर्थी येथे कॉफीचे कोणी अचाट दुकान निघाले आहे. लागलीच तिने चेलोबाईंच्या घरावर कॉफीचे निशाण रोविले आणि अवघ्या परगण्यास दवंडी दिली की, येथे अतिशय गर्दी आहे.

आता त्या मुलुखाची रीत ऐसी की, गर्दी कळली की धावावे, रांग दिसली की उभे राहावे, आणि रांग कशाची ते मागाहून पुसावे. पाहता पाहता चेलोबाईंच्या दारापासून पदपथावर लांबवर रांग लागली. गाड्यांचा लोंढा होता तो तसाच. म्हणजे आधी पूर होता, आता पैलतीरी फौजही बसली. खोआपंतांनी कपाळावर हात मारिला. म्हणाले, "आजी, चुकलंच."

इतक्यात मारिसोलची स्वारी आली, कोसभर दूर गाडी लावोन धापा टाकीत घरात शिरली. लुसिलियाबाई काठावरून पाहतात तो खिडकीत मारिसोल मोजे घेऊन ओणवी, आणि चेलोबाई दोन्ही पाय खुर्चीखाली ओढोन घेताहेत. मग मारिसोल उठली आणि तिने आईचे सामान भरोन भली मोठी पेटी ओढीत दारापाशी आणिली.

पेटी दृष्टीस पडताच बाईसाहेबांचे मस्तक फिरले. कारखान्यात पट्ट्याच्या खडखडाटावर चढविलेला तो आवाज, त्या आवाजात गर्जल्या, "ए रांगवाल्यांनो! कॉफीची रांग इकडून सुरू होते! माझ्या फाटकापासून! तिकडे उभे आहेत ते सगळे शेवटी!"

शेवटी हा शब्द त्या परगण्यात तोफेसारखा लागतो. अवघी रांग उलटी फिरोन रस्त्यात घुसली. पुढील गाडी नेमकी सारथीविना चालणारी. ती गरीब गाय माणसे पाहताच जागीच थबकली, दिवे मिचकावो लागली, आणि काही केल्या हालेना. तिजमागे सारी फौज ठप्प. भोंगे वाजले, शिव्या तीसएक भाषांत जाहल्या. फाटकापासून चेलोबाईंच्या दारापर्यंत माणसांचा पूल उभा राहिला, आणि त्या पुलाच्या कडेने बाईसाहेब पाव उराशी धरोन निघाल्या.

एक तरुण गरजला, "ओ आजी, रांगेत या! आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

"ते मला काय ठाऊक? पण कॉफी मीच करणार आहे. सरक!"

तो सरकला. बाईसाहेब पैलतीरी पोचल्या, आत गेल्या. चेलोबाई तोंड फिरवून बसल्या होत्या.

"उशीर केलास."

"रस्त्यात गर्दी होती."

"रोजच असते तुझी गर्दी." आणि चेलोबाईंनी खुर्चीखालून पाय पुढे केले. लुसिलियाबाई स्टुलावर बसल्या. आधी डावा मोजा, मग उजवा, टाचेवर सुरकुती राहू नये म्हणोन बोटाने ओढोन. दोघींचे डोळे भरले, आणि दोघींनी त्याचे खापर बाहेरच्या धुक्यावर फोडिले.

खोआपंत दारात येऊन म्हणाले, "आजी, बाहेर सगळे कॉफी मागताहेत."

"मग द्यायला नको?" चेलोबाई म्हणाल्या. "मारिसोल, मोठं भांडं काढ."

मारिसोल हळूच म्हणाली, "आई, ते पेटीत तळाशी भरलंय."

"मग काढ तळातून. लोक उभे आहेत."

पेटी उघडली. वरचे झगे निघाले, चादरी निघाल्या, देवाची तसबीर निघाली, तेव्हा भांडे हाती लागले. पाणी चढले. मारिसोल कपबशा मांडो लागली, आणि पसाऱ्याकडे पाहोन म्हणाली, "आता हे सगळं परत कोण भरणार?" लुसिलियाबाईंनी पेटी पायाने कोपऱ्यात सारिली आणि कॉफी ओतो लागल्या.

मग तह जाहला. गल्लीतील एकेका घरकऱ्याने सकाळी रस्त्यात उभे राहोन हात वर करावा आणि बाईसाहेबांस पार उतरवावे, हे कलम खोआपंतांनी स्वतः घातले. इतके सोपे आधी का सुचले नाही, ते पुसो नये, इंजिनियर आहेत. येणेप्रमाणे जर्दाळू गल्ली फत्ते जाहली. मारिसोलची स्वारी पेटीविना आणि आईविना फ्रेस्नोस परतली, आणि निघतेवेळी वाकोन तिने लुसिलियाबाईंचे पायातील मोजे नीट केले.