अकरा किलोंचं हसू

"येत्या रविवारचा पेपर जपून ठेवा बरं का! त्यात माझा फोटो येणार आहे!"

वेन्डेल पिकेटनं हे सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. पोस्टमनला सांगितलं, दूध टाकणाऱ्याला सांगितलं. डेंटिस्टला तर तोंडात कापसाचे बोळे असतानाच सांगितलं. त्याला नीट कळलं नाही, तेव्हा बोळे काढून पुन्हा सांगितलं!

आणि का सांगू नये? साल होतं १९८१. तोवर कॉम्प्युटर म्हणजे एका जागी ठाण मांडून बसणारी वस्तू. तुम्ही त्याच्याकडे जायचं, तो तुमच्याकडे यायचा नाही. पण सॅन होजेच्या हॅलोरन कंपनीनं बनवला होता 'पिलग्रिम'. झाकण लावलं की शिलाई मशीनची पेटी वाटावी. उघडलं की आत पोस्टकार्डाएवढा पडदा, तबकड्या घालायला दोन फटी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला टाइपरायटरसारखी बटणं. विमानात सीटखाली मावणारा कॉम्प्युटर! उचला आणि कुठंही न्या!

उचला! आता उचलायचा कशाला धरून? हँडलला! आणि ते हँडल कुणी केलं होतं? वेन्डेलनं!

अकरा महिने खपला होता बिचारा. मातीचं हँडल, लाकडाचं हँडल, बोटांना खाचा असलेलं, खाचा नसलेलं. दिसेल त्याच्या हातात तो हँडल द्यायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा. बायकोच्या आईनं तर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणातली टर्की गार होत असताना एकापाठोपाठ एक सदतीस हँडलं उचलून पाहिली. सदतिसाव्याला म्हणाली, "हं, हे बरंय. आता ग्रेव्ही दे इकडे!"

तेच सदतिसावं पिलग्रिमला बसवलं होतं. येत्या शुक्रवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्युटर-जत्रेत, पाच हजार माणसांपुढे, वेन्डेल ते हँडल धरून मशीन डोक्यावर उचलणार होता. रविवारी पेपरात फोटो. मधोमध तो, आणि त्याच्या हातात त्याचं हँडल!

मंगळवारी हॅलोरनसाहेबांनी त्याला बोलावलं.

"वेन्डेल, मशीन घेऊन स्टेजवर डर्क जाईल."

"डर्क? विक्री खात्यातला? अहो, पण हँडल माझं आहे!"

"हँडल तुझंच आहे. हसू डर्कचं आहे."

डर्क सॉरेन्सन! सहा फूट दोन इंच उंची, आणि दात असे की दिवे गेले तरी खोलीत उजेड राहावा. वेन्डेलला त्याचा आधीपासूनच राग होता. सगळ्यात मोठा राग याचा, की तो वेन्डेलशी फार चांगला वागायचा. अशा माणसाचा धड तिरस्कारही करता येत नाही!

"आणि एक," साहेब दार लावून घेत म्हणाले, "डर्क जे उचलेल ते मशीन रिकामं असेल. नुसतं कवच. खरं चालतं मशीन टेबलावर आधीच मांडून ठेवायचं. तो हॉलभर चालत येईल, कवच डोक्यावर उचलेल, फोटो होतील, मग टेबलावरचं चालू करील. काल मी खरं मशीन उचलून आरशात पाहिलं रे! अकरा किलो! माझा एक खांदा कंबरेला टेकला, आणि चेहरा असा झाला की लोकांनी मशीन घेण्याऐवजी अँब्युलन्स बोलावली असती."

"मग ही फसवणूक नाही का?"

"फसवणूक कसली? मशीन उचलता येतं हे खरंच आहे. फक्त हसत उचलता येत नाही! दोन्ही मशीनं जागच्या जागी मांडायचं काम तुझ्याकडे. आणि नीट कर बाबा. हे फसलं तर सोमवारी आपल्या कंपनीच्या दाराला कुलूप असेल."

संध्याकाळी बायको डोरीन बटाटे कुस्करत होती. वेन्डेलनं तिला सगळं सांगितलं.

"डर्क म्हणजे तोच ना, पिकनिकला आलेला? निळ्या डोळ्यांचा?"

"त्याचे डोळे कसे आहेत ते मी पाहिलेलं नाही."

"निळे आहेत," डोरीन म्हणाली, आणि बटाटे जरा जास्तच वेळ कुस्करत राहिली. "अरे, पण मी ब्रिज खेळणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलेय! शुक्रवारी आम्ही सगळ्या येणार आहोत."

"मग नका येऊ!"

"छे छे! आता तर यायलाच हवं," डोरीन म्हणाली.

त्या क्षणी वेन्डेलच्या पोटात जो जाळ उठला, त्यावर तिचे बटाटे पुन्हा एकदा उकडून निघाले असते.

शुक्रवारी सकाळी, हॉल उघडायच्या आधी, वेन्डेल दोन्ही मशीनं घेऊन उभा होता. बाहेरून दोन्ही अगदी सारखी. एक अकरा किलोंचं, एक दोन किलोंचं. आणि त्याला ती कल्पना सुचली.

समजा, अदलाबदल झाली तर? समजा, दाराशी ठेवायचं कवच ठेवलं टेबलावर, आणि खरं मशीन दाराशी? डर्क ऐटीत येणार, दात दाखवणार, एका हातानं उचलायला जाणार... आणि आहे तिथंच! नखं साफ करवून घेणारा माणूस तो! कॉफीच्या कपापेक्षा जड काही त्यानं कधी उचललं होतं का? भिजलेल्या गादीसारखा लोंबकळत येईल हॉलभर! ब्रिज मंडळ खदाखदा हसेल! मग वेन्डेल पुढे होईल, हँडल कसं धरायचं ते दाखवील, दोन्ही हातांनी का होईना पण मशीन उचलील, आणि फोटो कुणाचा? हा हा!

त्यानं मशीनं बदलली.

आता तुमच्यासारख्या शहाण्या माणसाच्या मनात लगेच एक प्रश्न येईल. टेबलावरचं मशीन तर चालू करायचं आहे ना? मग ते रिकामं असून कसं चालेल? प्रश्न बरोबर आहे. पण वेन्डेल अकरा महिने हँडलाशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हता! टेबलावरचं मशीन कुणी उचलणार नव्हतं. जे उचलायचं नाही, ते त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही.

इतक्यात मागून आवाज आला, "वेन! हे घे!"

डर्क! हातात कागदी पिशवी.

"डोनट आणलाय तुझ्यासाठी. साखर लावलेला. तुला तोच आवडतो ना?"

वेन्डेलनं डोनट खाल्ला. मत्सर आपल्या जागी, डोनट आपल्या जागी!

दहा वाजता हॉल खच्चून भरला. ब्रिज मंडळ पहिल्याच रांगेत बसलं. फुलांचा ताटवा डोक्यावर उलटा ठेवावा तशा त्यांच्या टोप्या, आणि डोरीनच्या हातात चक्क दुर्बीण! पहिल्या रांगेत बसून दुर्बीण कशाला लागते, हे वेन्डेलनं विचारलं नाही. उत्तर निळं होतं.

स्टेजवरून हॅलोरनसाहेबांनी पुकारा केला, "मंडळी, हा पाहा चालता-फिरता कॉम्प्युटर!"

दार उघडलं. डर्क वाकला. त्यानं हँडल धरलं. क्षणभर थबकला. वेन्डेलनं श्वास रोखला. आता!

आणि डर्क चालू लागला. ताठ! एका हातात मशीन, दुसरा हात लोकांना हलवतोय! वाटेत एका बाईची पडलेली पर्स वाकून उचलून दिली. मशीन हातात तसंच! स्टेजच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला, आणि अकरा किलोंचं ते धूड एका हातानं डोक्यावर उचलून असा हसला, की पुढच्या रांगेतल्या सगळ्या टोप्या एकदम हलल्या.

फटाफट कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडाले.

तेवढ्यात शेजारच्या स्टॉलवरचा एक दाढीवाला, दुसऱ्या कंपनीचा, खुर्चीवर चढून ओरडला, "ओ! कुणाला बनवताय? खोकं रिकामं आहे ते! असं कुणी कॉम्प्युटर उचलतं का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक! कारण साहेबांच्या मते दाढीवाला शंभर टक्के खरं बोलत होता!

"डर्क," साहेब घाईघाईनं म्हणाले, "टेबलावरचं... टेबलावरचं चालू कर!"

डर्कनं हातातलं मशीन खाली ठेवलं आणि टेबलावरच्याचं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. हळूच थोपटलं. आतून घुमल्यासारखा आवाज आला, रिकाम्या पिंपातून येतो तसा.

"बघा! हेही रिकामं!" दाढीवाला नाचायला लागला. "यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही! नुसती खोकी आहेत!"

लोक हसू लागले. मागचे उठून जाऊ लागले. आणि तेव्हा कुठं, इतक्या उशिरा, टेबलावरचं मशीन वेन्डेलच्या डोक्यात शिरलं! अरे देवा! सोमवारी दाराला कुलूप! साठ माणसं घरी! आणि मी! आणि हँडलसुद्धा!

तो स्टेजकडे धावला. खाली पडलेल्या एका टोपीवर पाय पडला, कुणीतरी किंचाळलं.

"डर्क! ते नाही! उचललेलं लाव! उचललेलं!"

साहेबांनी त्याचा कोट धरला आणि दातओठ खात कानात कुजबुजले, "गाढवा! उचललेलं रिकामं आहे ना!"

"नाही ना साहेब!"

"नाही म्हणजे?"

तोवर डर्कनं वायर जोडून बटण दाबलंसुद्धा. गुर्रर्र झालं, खटखट झालं, आणि पोस्टकार्डाएवढ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. डर्कनं दोन बोटांनी टाइप केलं, 'शुभ प्रभात, सॅन फ्रान्सिस्को!'

हॉल नुसता दणाणला! टाळ्या, शिट्या! हॅलोरनसाहेब मटकन खाली बसले, स्टेजवरच. डर्क हसत दाढीवाल्याला म्हणाला, "या ना, तुम्ही उचलून बघा." दाढीवाल्यानं हँडल धरून ऐटीत हिसका दिला. मशीन जागचं हललं नाही. दाढीवाला मात्र हलला, आणि त्यानंतर बराच वेळ वाकडाच चालत होता.

मशीन मागायला लोकांची रांग दरवाज्याबाहेर गेली.

"कुणी केली ही अदलाबदल?" साहेब डोळे पुसत विचारू लागले. मशीनं मांडायचं काम कुणाला दिलं होतं, हे आनंदाच्या भरात ते साफ विसरले होते. "कोण आहे तो? रिकामं खोकं दाखवलं असतं तर आज आपली अब्रू गेली असती! त्याला मिठी मारायचीय मला!"

वेन्डेलनं तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं, की कुणी केलं हे सांगितलं तर का केलं हेही सांगावं लागेल. त्यानं तोंड मिटलं.

"डर्क, तूच ना रे?"

"नाही हो साहेब, मी नाही. उचलताना जड लागलं तेव्हा वाटलं, तुम्हीच मन बदललंत. बरं वाटलं मला. रिकामं उचलून हसायला नको वाटत होतं."

"ऐकलंत? करून सवरून नाव नको म्हणतो! कसा माणूस आहे हा!" साहेबांनी डर्कला मिठी मारली. मग ब्रिज मंडळानंही मारली. सगळ्यात शेवटी डोरीननं, आणि ती सगळ्यात लांबली.

गर्दी ओसरल्यावर वेन्डेलनं डर्कला कोपऱ्यात गाठलं. "तुला एवढं जड उचलता कसं आलं रे?"

"आमची विस्कॉन्सिनला डेअरी आहे ना. शाळेत जायच्या आधी रोज दोन्ही हातांत दुधाच्या मोठाल्या बरण्या. तळहात सोलून निघायचे रे त्या कड्यांनी!"

"आणि हे?" वेन्डेलनं पुढं वाकून विचारलं. "हे हँडल कसं वाटलं?"

डर्कनं खूप वेळ विचार केला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"हँडल होतं का त्याला?" तो म्हणाला. "कमाल आहे! हाताला काही लागल्याचं आठवतच नाही बघ."

अकरा महिने आणि सदतीस हँडलं! एवढी मोठी शाबासकी वेन्डेलला जन्मात कुणी दिली नव्हती. पण त्या वेळी त्याला फक्त डर्कचे डोळे दिसत होते. खरंच निळे होते!

रविवारी पहाटे पाच वाजता तो पेपर घ्यायला अंगणात उभा होता. पहिल्याच पानावर फोटो! मधोमध डर्क, हात उंच, दात लखलखीत. वेन्डेलनं भिंग आणून हँडल शोधलं. डर्कचा पंजा केवढा! बोटांच्या फटीतूनसुद्धा हँडल दिसत नव्हतं. सगळं मुठीत गडप!

"आणि हे खाली कोपऱ्यात काय आहे?" डोरीननं भिंग त्याच्या हातून घेतलं. "हा कान! हा तुझा ना रे? हो, तुझाच! वेन्डेल, तू आलास पेपरात!"

"खरंच?" वेन्डेलनं डोळे बारीक केले. कान त्याचाच होता. डावा. थोडा पुसट, पण त्याचाच. त्याला एकदम बरं वाटलं. पोस्टमनला दाखवता येईल. डेंटिस्टला दाखवता येईल.

डोरीननं कात्रण कापलं, फ्रिजवर लावलं, लांब जाऊन बघितलं. एक कोपरा सारखा सुटत होता. तेव्हा कात्रण नीट बसावं म्हणून तिनं तिथं एक लोहचुंबक दाबून बसवलं.

बरोब्बर कानावर!