महिन्यातून दोनदा बुडणारे परबकाका

चारकोपच्या आमच्या इमारतीत समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे परबकाका महिन्यातून दोनदा बुडतात. रविवारी सकाळी चहा-पोहे घेतात, रिक्षाने मार्व्याच्या किनाऱ्यावर जातात, बुडतात आणि जेवायच्या वेळेला घरी येतात. सोबत प्लास्टिकचा एक कागद असतो. परतताना तो सीटवर अंथरला तरच रिक्षावाला त्यांना घेतो. एकदा एकाने काळजीने विचारलं, "अंकल, समंदर में गिर गये क्या?"

"गिरा नहीं," काका म्हणाले. "ड्यूटी था."

विक्रोळीच्या एका कारखान्यात काका स्टोअरकीपर होते. नवा स्क्रू मागायला आलेल्या माणसाला "जुना कुठाय?" असं विचारण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले आणि वर्षभरात काकू गेल्या. मुलगी हैदराबादला. मग काका एकेका संस्थेत शिरू लागले. सगळीकडे ते शिस्त घेऊन जात आणि सगळीकडून त्यांना लवकरच निरोप मिळे. हास्यक्लबातून त्यांना काढलं, कारण हसताना रांग सरळ हवी असा त्यांचा आग्रह होता.

अशात त्यांना मार्व्याच्या मदतपथकाचा शोध लागला. तिथल्या कोळ्यांनी आपणहून चालवलेलं हे पथक. कुणी बुडत असेल, भरतीत अडकलं असेल, तर बोट काढायची आणि त्याला आणायचं. पुढारी धर्मा नाखवा, स्वतःची मच्छीमार बोट असलेला दणकट गडी. पगार नाही, पण नारिंगी जॅकेट मिळतं. जॅकेटचं ऐकल्यावर काका दुसऱ्या दिवशी तिथे हजर.

"अरे दिलीप, आमचा जन्मच दर्याकाठचा," त्यांनी मला सांगितलं. त्यांचं गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेलं आहे. तिथून समुद्र पाहायला एसटी बदलावी लागते.

जॅकेट मिळालं ते घालून काका सोसायटीच्या सभेला आले. गच्चीच्या गळतीचा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरीने त्यांच्याकडे फार आशेने पाहिलं.

अडचणी दोनच होत्या. काकांना पोहता येत नव्हतं, आणि त्यांना बोट लागत होती. पहिल्याच फेरीत, किनारा अजून हाकेच्या अंतरावर असताना, काकांनी सकाळचे पोहे समुद्राला परत केले. धर्माच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने जॅकेट काढून घेतलं असतं. धर्माने डोकं खाजवलं.

"काका, आमाला सरावाला बुडणारा लागतो. आमची पोरं बुडायचं सोंग करतात, पन घटकेत पोहायला लागतात. सवयच ना. तुमाला पोहता येत नाय ना?"

"अजिबात नाही," काका अभिमानाने म्हणाले.

"मग झकास!"

असे काका पथकाचे अधिकृत बुडणारे झाले. छातीभर पाण्यात जायचं, कमरेला दोर, अंगात जॅकेट, आणि ओरडायचं. एवढंच काम, पण काका ते शिस्तीत करत. आदल्या दिवशी बाल्कनीत आरोळीचा सराव चाले. तळमजल्याच्या शहावहिनी पहिल्या वेळी लाटणं घेऊनच वर धावल्या होत्या. एखाद्या रविवारी ते घाबरट पर्यटक असत, एखाद्या रविवारी दारू प्यायलेले जावई. वाचवायला आलेल्याने चुकीच्या बाजूने धरलं तर ते वाचायला साफ नकार देत.

"असा समोरून येतोस? मी मिठी मारली तर दोघेही जाऊ! परत जा. पुन्हा ये."

"काका, बुडा ना लवकर," धर्माची बायको किनाऱ्यावरून ओरडे. "मला म्हावरं विकायला जायचंय!"

वर्षभर हे सुखाने चाललं. मग कुण्या देणगीदाराने पथकाला रबरी पुतळा दिला. माणसाएवढा, माणसाएवढ्याच वजनाचा, खास सरावासाठी बनवलेला. तो ओरडत नाही, चुका काढत नाही आणि त्याला सर्दी होत नाही. धर्माने फोनवर काकांना हे फार जपून सांगितलं. "आता तुमी आराम करा, काका," असं शेवटी म्हणाला.

काका माझ्याकडे आले आणि चहाला नको म्हणाले. ही गोष्ट मी त्यांच्याबाबतीत प्रथमच पाहत होतो.

"रबराचो माणूस!" ते म्हणाले. चिडले की ते मालवणीत शिरतात. "तेका बुडण्यातला काय कळता रे?"

"काही कळत नाही, काका. म्हणून तर त्याला ठेवलंय."

माझा विनोद त्यांनी ऐकलाच नाही. "हे पण गेलं म्हणजे मग रविवारी काय करायचं?" एवढंच म्हणाले, आणि त्यांनी विचारलं ते मला नव्हतं.

पुढच्या रविवारी ते जॅकेट परत करायला निघाले. इस्त्री करून, घडी घालून पिशवीत ठेवलं होतं. एकटं सोडवेना म्हणून मीही रिक्षात बसलो.

किनाऱ्यावर पोचलो तर सराव चाललेलाच नव्हता. पुतळा वाळूत पालथा पडला होता आणि सगळे बोटीकडे धावत होते. ओहोटीच्या वेळी एक जोडपं फोटो काढायला पार लांबच्या खडकांवर गेलं होतं. पाण्याची बाटली आणायला नवरा मागे आला, गप्पांच्या नादात टपरीवर रेंगाळला, आणि तेवढ्यात भरती लागली. खडकाभोवती पाणी भरलं. बायको तिकडे, नवरा इकडे. तिची पिवळी ओढणी तेवढी इथून दिसत होती, आणि लाटा तिच्या पायांपर्यंत पोचल्या होत्या.

काकांनी पिशवीतून जॅकेट ओढून काढलं आणि तेही बोटीकडे धावले.

"काका, तुमी नको!" धर्मा ओरडला. "तुमाला बोट लागंल! त्या माणसाला बघा, तो पाण्यात शिरतोय!"

बोट गेली. मला वाटलं, आता यांची कटकट मलाच ऐकावी लागणार. पण काका त्या माणसाकडे वळले. तिशीचा असेल. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात अजून ती बाटली. तो पुढे जायचा, लाट त्याला मागे ढकलायची, तो परत पुढे जायचा. काकांनी त्याचा हात धरला आणि वाळूवर आणून बसवलं. स्वतः शेजारी बसले.

"नाव काय तिचं?"

"स्नेहल."

"नोकरी करते?"

"बँकेत." त्याचे दात वाजत होते. "काका, तिला पोहता येत नाही हो. मीच म्हटलं, पुढे चल, फोटो छान येईल."

आता काका शिस्तीवर बोलणार, म्हणून मी कान टवकारले. त्यांनी त्याच्या हातातली बाटली घेऊन वाळूत रोवली. बोट खडकाच्या आड गेली. तो उठू लागला, पण काकांनी हात सोडला नाही.

"बस. मी आहे. आमची ही आत होती ना, आयसीयूत, दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर होतो. कुणाला कळवलं नाही. म्हटलं, उगाच लोकांना कशाला त्रास." मग म्हणाले, "वाईट असतं रे एकट्यानं. तू बस."

हे दोन दिवस मलाही ठाऊक नव्हते. आमच्या दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर आहे.

मग काका त्याला एकेक विचारत राहिले. भाजीत मीठ जास्त झालं की ती काय म्हणते, भांडण झालं की आधी कोण बोलतं. तो उत्तरं देत होता, नजर मात्र पाण्यावर. बोट खडकाआडून बाहेर आली तेव्हा तिच्यात पिवळं काहीतरी बसलेलं होतं. बसलेलं! तो हात सोडवून पळाला, आभार वगैरे न मानता, आणि कमरेभर पाण्यात जाऊन बोटीला भिडला.

धर्मा निथळत आमच्याकडे आला. "काका, तो माणूस आत शिरला असता तर आमाला दोन माणसं काढायला लागली असती. हे काम आता तुमचं. दर वेळी."

एरवी काकांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला असता. आता त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते उजवा तळवा डाव्या हाताने हळूहळू चोळत होते.

"लागलं का, काका?"

"नाही रे," ते म्हणाले. "फार घट्ट धरला होता त्यानं."