पोर्टवाले, स्क्रिप्टवाले आणि इतर घराणी

ही हकिकत कुणाला खरी वाटणार नाही. न वाटो. पण सामोआच्या सवाई बेटावरच्या वाइतोलू गावात चार दिवसांत इंग्रजी भाषेची वाटणी झाली, घराघरांत तिच्या हद्दी पडल्या आणि राजधानी आपियाहून आलेल्या सरकारी साहेबाला भर उन्हात माफी मागत बसावं लागलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी होत्या ओनोसाई बाई, ज्यांनी आयुष्यात मुंगीलासुद्धा दुखावलं नव्हतं.

बाई गावात नव्या होत्या. शाळेचा वरचा वर्ग बंद करून मुलांना सहा मैलांवरच्या गावी धाडायचं, असं वरती घाटत होतं. शुक्रवारी साहेब येणार, मुलांचं इंग्रजी तपासणार आणि तिथल्या तिथे निकाल देणार. शब्द हजारो आणि दिवस चार. बाईंनी विचार केला, शब्द शिकवायचेच नाहीत. मुळं शिकवायची. प्रत्येक घराला एक मूळ द्यायचं, घरानं त्याची पोरंबाळं शोधायची.

इथवर ठीक होतं. बाई चुकल्या त्या जागेत आणि वेळेत. सोमवारी सकाळी गावातले सगळे घरप्रमुख सभाघरात मांडी घालून बसलेले, आवा या मानाच्या पेयाची वाटी नुकतीच फिरलेली, आणि अशा वेळी बाई उभ्या राहून म्हणाल्या, "वाएलुआ काका, तुमच्या घराला मी पोर्ट देते. पोर्ट म्हणजे वाहून नेणं."

वाएलुआ म्हणजे गावाचे वक्ते. खांद्यावर काथ्याची चवरी, हातात काठी, आणि कुठल्याही माणसाच्या पंधरा पिढ्या जिभेवर. त्यांनी डोळे मिटले.

"किती मुलं आहेत याला?"

"इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, पासपोर्ट, ट्रान्सपोर्ट..." बाईंनी बोटं मोजली.

"एवढी?" म्हातारा हलला. "बाई, आम्हाला वाटायचं इंग्रजी म्हणजे सुटे दगड. हे तर झाड निघालं."

मग पुआ आजीला स्क्रिप्ट मिळालं, म्हणजे लिहिणं. सेमीसी कोळ्याला स्पेक्ट मिळालं, म्हणजे पाहणं. नऊ घरांना नऊ मुळं मिळाली. बाई खुशीत घरी गेल्या. आवा पिऊन झाल्यावर सभाघरात दिलेली वस्तू पिढ्यान्‌पिढ्यांची होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मंगळवारी दवाखान्यातली नर्स 'प्रिस्क्रिप्शन' म्हणाली. पुआ आजी थेट दारात उभी.

"कुणाला विचारून म्हणालीस गं?"

"आजी, औषधाची चिठ्ठी आहे ती!"

"चिठ्ठी म्हण ना मग. आमच्या घरातली पोर न विचारता वापरतेस आणि वर तोंड करून बोलतेस? निदान एक तारोचा कंद तरी आणायचा होतास."

बुधवारी टेलिव्हिजनवरून वरच्या आळीत जुंपली. टेलि एका घराचं, व्हिजन दुसऱ्याचं. दोन्ही घरं काठ्या घेऊन आली तेव्हा वाएलुआंनी निवाडा केला. "बाप टेलिवाल्यांचा, आई व्हिजनवाल्यांची. लेकरू दोन्हीकडे जेवेल." लगेच दोन्ही घरांनी एकमेकांना व्याही म्हणून मिठ्या मारल्या, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी डुक्करही भाजलं.

गंमत म्हणून हे सगळं ठीक होतं. गुरुवारी वर्गात मात्र गंमत संपली.

"लेइतू, ट्रान्सपोर्ट म्हणजे काय?"

पाचवीतली लेइतू, पुआ आजीची नात, वर्गात सगळ्यांत हुशार. ती उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, मला येतं. पण तो शब्द आमचा नाही."

पोर्टवाल्यांची पोरं सोडून उरलेल्या सत्तावीस मुलांनी तसंच सांगितलं. बाई धावत वाएलुआंकडे गेल्या.

"काका, ती मुळं परत द्या. मी नुसता अभ्यास दिला होता हो!"

"दिलेलं परत?" म्हातारा थंडपणे म्हणाला. "तुमच्या माहेरी चालत असेल, बाई."

"उद्या साहेब येणार! मुलं बोलली नाहीत तर वर्ग जाईल!"

"वर्ग आमचाही आहे. पण शब्द त्याच्याहून मोठा."

शुक्रवारी साहेब आले. नाव सोलोमोना, माणूस आपियाचा, पायांत चकचकीत बूट. त्यांनी सात प्रश्न विचारले. सातही वेळा शब्द दुसऱ्याच घरचा निघाला आणि मुलांनी जमिनीकडे पाहिलं. साहेबांनी कागद काढला.

"ठीक आहे. माझं इन्स्पेक्शन झालं. आता रिपोर्ट पाठवतो, वर्ग बंद."

शाळेला भिंती नाहीत, नुसते खांब. त्या खांबांना टेकून अख्खं गाव ऐकत होतं. सेमीसी कोळी दोन ढांगांत आत आला.

"काय म्हणालात? इन्स्पेक्शन?"

"आणि रिपोर्टही म्हणाले!" मागून पोर्टवाल्यांच्या सुना ओरडल्या.

"दोन घराण्यांचा अपमान," वाएलुआ काठी टेकून म्हणाले, "आणि तोही पाहुण्यानं, जेवायच्या आधी."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते. पण साहेब कितीही चकचकीत असले तरी सामोअन आईच्या पोटचे. वक्त्याची काठी जमिनीला टेकली की काय करायचं, हे त्यांच्या हाडांना ठाऊक होतं. अपराध्यानं तलम चटई डोक्यावर घेऊन उन्हात बसायचं, आणि समोरच्यानं ती काढली की माफी. चटई नव्हती. साहेबांनी भिंतीऐवजी दोरीला टांगलेला जगाचा नकाशा काढला, डोक्यावर घेतला आणि गवतावर बसले.

गाव थरारलं. माफी तर द्यायलाच हवी होती. पण ज्याचा अपमान झाला ते घराणं किती मोठं, हे आधी अपराध्याला ऐकवायचं असतं. वाएलुआंनी चवरी खांद्यावर टाकली आणि पोर्टच्या कुळाची वंशावळ सुरू केली. थोरला कोण, धाकटा कोण, कोण कुठल्या घरात दिलेला. त्यांचा श्वास संपला तिथून नातवंडांनी उचललं. मग सेमीसीची मुलं. मग पुआ आजी, आणि तिच्या मागोमाग लेइतू, छाती काढून, एकही अडखळ नाही. शब्दाचा अर्थ, शब्दाचे आईबाप, शब्दाचे चुलते. नऊच्या नऊ घरं उभी राहिली. उडणारे पक्षी खाली बसले, समुद्राची भरती अर्ध्यावर थांबली, आणि नकाशाखाली साहेबांना वाटलं की आपण चाळीस वर्षं इंग्रजी बोलतोय, पण तिला आज पहिल्यांदा भेटतोय.

वाएलुआंनी नकाशा काढला तेव्हा साहेबांचे डोळे ओले होते.

"वर्ग राहील," ते म्हणाले. मग पुआ आजीकडे वळून, हात जोडून, "तेवढं लिहू का, आजी?"

"लिही बाबा, लिही. जेवून लिही."

बाईंनी आपली यादी उघडली. एक मूळ उरलं होतं, डक. वाट दाखवणं. एज्युकेशन त्याचंच; उच्चारात नाही, पण स्पेलिंगमध्ये दिसतं. बाईंनी सगळं वाटून टाकलं होतं आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर एक अक्षर नव्हतं. वाएलुआंनी यादीवर बोट ठेवलं. "हे घर तुमचं," ते म्हणाले, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

तर असं. वाइतोलूच्या मुलाबाळांनी त्या दुपारी, एका दमात, मोजून दोनशे बारा इंग्रजी शब्द—

"खोटं!" कोपऱ्यात चटई विणत बसलेली पुआ आजी कडाडली. "दोनशे बारा? लाज वाटत नाही तुला? तीनशे सहा होते! मोजत मीच होते की!"