धोटेभाऊंची खोळ

आमच्या शेजारच्या धोटेभाऊंच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, हे आता घर सोडून कुठेतरी राहायला चालले आहेत. फ्रीज झाकलेला, टीव्ही झाकलेला, अंगणातली पाण्याची मोटर झाकलेली. स्कूटरला खोळ, आणि स्कूटरच्या डिकीत जे हेल्मेट असतं त्याला निराळी खोळ. सीताफळाच्या झाडावर प्रत्येक फळाला जुन्या बनियनची पिशवी. चष्मा डबीत, डबी कापडी बटव्यात, आणि बटवा कुठे ठेवला ते रोज सकाळी अर्धा तास सापडत नाही.

हे सगळं त्यांनी स्वतः शिवलेलं आहे. मापाचं, दुहेरी शिवणीचं, कोपऱ्याला जाड पट्टी लावलेलं. आम्ही नवा टीव्ही घेतला तेव्हा ते बघायला आले, चहा प्यायले, टीव्हीसमोर उभे राहून वितीने काहीतरी मोजलं आणि गेले. आठ दिवसांनी खोळ घेऊन हजर. रिमोटसाठी बाजूला खिसासुद्धा होता.

"वस्तूच्या अंगावर कपडा पाहिजे गा, मास्तर," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी येतं.

माझी बायको म्हणते, एक दिवस हा माणूस आपल्यालाही झाकून ठेवेल.

धोटेभाऊ मूळचे भिवापूरकडचे. धरणखात्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. धरणाचं पाणी मोजायला, गाळ बघायला छोट्या फायबरच्या बोटी लागतात, त्या दुरुस्त करणं हे त्यांचं काम. बोट एका धरणावरून दुसऱ्या धरणावर न्यायची तर ट्रॉलीवर चढवून जीपमागे ओढत न्यायची, आणि नेण्याआधी तिला खोळ घालायची. नागपुरात बोटीची खोळ कोण शिवून देणार? म्हणून ते स्वतः शिकले. बोटी सरकारजमा राहिल्या, शिवण्याचा नाद तेवढा त्यांच्याबरोबर रिटायर होऊन घरी आला.

मी त्यांचा शेजारी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. आमच्यामध्ये कमरेएवढी कंपाउंडची भिंत. या भिंतीवरून गेली सहा वर्षं एक विचित्र टपालसेवा चालू होती.

धोटेभाऊंना एकच मुलगी, अर्चना. नर्सिंग शिकली, नोकरीसाठी रत्नागिरीकडे गेली आणि तिथल्या खाडीत होडी चालवणाऱ्या महेश नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. आधी फोन करून विचारलं होतं. धोटेभाऊ नाही म्हणाले. तिने तरी केलं. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. तीन वर्षांपूर्वी अर्चनाची आई, कुसुमवहिनी, गेल्या तेव्हा अर्चना आली, तेरा दिवस राहिली, आणि ते तेरा दिवस दोघं माझ्या बायकोमार्फत बोलले. बाबांना विचारा चहा घेतात का. तिले सांगा, घेतो म्हणून.

पुढेही तसंच. अर्चना दर रविवारी माझ्या बायकोला फोन करायची. फोन झाला की बायको भिंतीजवळ जाऊन मला सगळी बातमी सांगायची. मी घरात खुर्चीवर असलो तरी ती अंगणात, आणि इतक्या मोठ्याने की चार घरं पलीकडे ऐकू जावं. धोटेभाऊ त्या वेळी नेमके झाडांना पाणी घालत असायचे. मान वर करायचे नाहीत. पण बातमी संपेपर्यंत एकाच कुंडीत पाणी जायचं.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी अशीच बातमी आली. तिकडे मोठं वादळ झालं, महेशची होडी धक्क्यावर आपटून फुटली. आता तो दुसऱ्याच्या होडीवर कामाला जातो, अर्चना दवाखान्यात जादा पाळ्या करते. त्या दिवशी धोटेभाऊंच्या हातातली नळी खाली पडली. ते आत निघून गेले आणि पाणी तसंच वाहत राहिलं. शेवटी मी भिंत ओलांडून नळ बंद केला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात टिनाचं शेड उभं राहिलं आणि सबंध पावसाळाभर आमच्या गल्लीत रसायनाचा वास भरून राहिला. गणपतीपर्यंत शेडखाली चौदा फुटांची फायबरची होडी दिसू लागली. लोक विचारायचे, ही कुठे चालवणार? धोटेभाऊ म्हणायचे, पाण्यात. आदल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी आमच्या लेआउटमधल्या घरांत शिरलं होतं, त्यामुळे लोकांनी आपापला अर्थ काढला. मागच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांनी तर आपली जागा धरून ठेवायला सांगितली. एकाने म्हाताऱ्या सासूचं वजनही कळवलं.

मग एका सकाळी ते माझ्याकडे आले. रत्नागिरीला जायला घाट कमी लागेल असा रस्ता कोणता, ते त्यांना हवं होतं. मी नकाशा काढला. वर्धा, यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर आणि शेवटी आंबा घाट. जवळपास हजार किलोमीटर. नागपुरात बांधलेली होडी समुद्राला नेऊन द्यायची, हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

"ट्रकवर टाकून पाठवून द्या ना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मुलीला पार्सलने सासरी पाठवायला सांगितलं होतं. मग म्हणाले, "तुम्ही चला सोबत. एकटा गेलो तं मी कोल्हापुरातूनच वापस येईन."

होडी बांधायला त्यांना साडेतीन महिने लागले, आणि खोळ शिवायला त्यानंतर पुरा एक महिना. मला घाई झाली होती, नवरात्र तोंडावर आलं होतं. पण खोळीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. खोळ सैल राहिली तर वारा आत शिरतो, कापड फडफडतं आणि तेच रंग खरवडून काढतं. म्हणून ती अंगाला घट्ट बसली पाहिजे, आणि पोटाखालून पट्टे आवळले पाहिजेत. मधे एक वाकवलेला पाइप, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. समोर जाड पट्टी, कारण जीपच्या चाकांनी उडालेले खडे तिथेच लागतात. वल्ही काढून जीपमध्ये ठेवलेली. एवढं मला तोंडपाठ झालं ते त्यांच्या खिडकीतून रात्रंदिवस हेच ऐकू येत असल्यामुळे. घरात दुसरं कोणी नव्हतं. ते मशीनला सांगत असावेत.

भाड्याच्या जीपमागे ट्रॉली जोडून निघालो. धोटेभाऊ ताशी पन्नासच्या वर जाईनात, आणि दर पन्नास किलोमीटरला थांबायचे. उतरून होडीभोवती एक चक्कर, प्रत्येक पट्टा ओढून बघायचा, खोळीवर तळवा ठेवायचा, "बराबर आहे" म्हणायचं आणि पुन्हा बसायचं. यवतमाळला पोचेपर्यंत आम्हाला एका बैलगाडीनेही ओव्हरटेक केलं. ती उताराला होती, एवढंच तिच्याबद्दल सांगतो.

नवरात्राचे दिवस, आणि ट्रॉलीवर नखशिखांत झाकलेलं काहीतरी मोठं. वाटेत लोकांनी ती मूर्ती ठरवून टाकली. टोलनाक्यावरच्या माणसाने हात जोडले. नांदेडच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो होतो, तिथे एक म्हातारी बाई जवळ आली. तिने धोटेभाऊंना विचारलं, देवी कुठे चालली? मला वाटलं, आता हे खोळीच्या कापडापासून सुरुवात करून सगळं समजावून सांगणार. पण ते म्हणाले, "लेकीकडे चालली, बाई."

तिने खोळीवर झेंडूची दोन फुलं ठेवली आणि नमस्कार केला. धोटेभाऊंनी ती फुलं पट्ट्यात खोचली, उडू नयेत म्हणून. पुढच्या थांब्याला तीही तपासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सोलापूर सोडल्यावर, एक भरधाव ट्रक आमच्या अगदी जवळून गेला. त्याच्या वाऱ्याने खोळीचं नाक उचललं. समोरच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं, कापड फुगलं आणि मागून येणारे लोक ओरडून हात दाखवायला लागले. धोटेभाऊंनी गाडी कडेला घेतली. होडीला काहीच झालं नव्हतं. खोळ मात्र पुढच्या कोपऱ्यात हातभर फाटली होती.

त्यांनी पिशवीतून दाभण आणि मेणाचा दोरा काढला आणि रस्त्याच्या कडेला उन्हात शिवायला बसले. अर्धा तास झाला, तास झाला. धूळ, ट्रकचे हॉर्न, पिण्याचं पाणी संपलेलं. माझा धीर सुटला. मी म्हणालो की काढून टाका ती खोळ, ही होडी समुद्राच्या लाटा खाणार आहे, चारशे किलोमीटरच्या वाऱ्याने तिला काय होणार आहे? तुमच्या या नादापायी आपण दोघं इथे आडवे होऊ.

त्यांनी मान वर केली नाही. दाभण आरपार काढली, दोरा ओढला, गाठ मारली.

"मास्तर, सहा वर्षानं चाललो पोरीच्या दारी," ते म्हणाले. "खरचटलेली वस्तू घेऊन जाऊ काय?"

मी जीपच्या सावलीतून उठून त्यांच्यावर ऊन येऊ नये अशा बेताने उभा राहिलो. तिथून पुढे प्रत्येक थांब्याला डावीकडचे पट्टे मी तपासू लागलो.

तिसऱ्या दिवशी आंबा घाटात पावसाने गाठलं. खोळीवरून पाणी सरळ ओघळत होतं, एक थेंब साचला नाही. मी तसं म्हणालो, तरी ते खूश झाले नाहीत. घाट उतरल्यावर तर ते फारच हळू चालवायला लागले. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पाच वेळा थांबले. पट्टे सगळे जागच्या जागी होते. एका वळणावर समुद्र दिसला. धोटेभाऊंनी आयुष्यभर धरणावरच्या बोटी दुरुस्त केल्या, पण समुद्र पाहिला नव्हता. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "लय पाणी आहे गा." आणि परत फिरावं का, असं मला विचारलं. मी नको म्हणालो.

आपण येतोय हे त्यांनी कळवलं नव्हतं. माझ्या बायकोने अर्थातच कळवलं होतं. खाडीकाठच्या कौलारू घरासमोर अर्चना आणि महेश आधीच उभे होते. अर्चना पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच होती, पाळीवरून सुटून तशीच धावत आली असावी. जावई पाया पडायला वाकला, तर धोटेभाऊंनी त्याला पहिलं वाक्य ऐकवलं, "चाकाखाली दगड लाव, उतार आहे." लेकीला तर तेवढंही नाही. मला एवढंच बजावलं, की होडी उतरवायची आणि तासाभरात निघायचं. अंधाराआधी घाट चढायचा आहे.

ते खोळीचे पट्टे सोडू लागले. एका बाजूने ते, आणि थोड्या वेळाने न सांगता दुसऱ्या बाजूने अर्चना. तिने पुढची कड उचलून मागे दुमडली आणि तिचा हात थांबला.

खोळीला आतून अस्तर होतं. जुन्या सुती लुगड्यांचं. जांभळ्या काठाचं एक, पिवळ्या ठिपक्यांचं एक, एक धुऊन धुऊन रंग गेलेलं हिरवं, सगळी जोडून होडीच्या मापाने बसवलेली. मी महिनाभर शेजारी राहून, तीन दिवस सोबत बसून ते पाहिलं नव्हतं. अर्चनाने मात्र पाहताक्षणी ओळखलं. तिने पिवळ्या ठिपक्यांवर हात ठेवला.

"आईचे?" तिने विचारलं. सहा वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोलली तो हा पहिला शब्द.

धोटेभाऊ पट्ट्याची गाठ सोडवत होते. ती सुटत नव्हती. "सुती आहेत," ते म्हणाले. "रंगाले घासत नाहीत. असा मऊ कपडा बाजारात भेटत नाही आता." थोडा वेळ ते गाठीशीच झटत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिले यायचं होतं इथं. मीच आणलं नाही."

अर्चना होडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली. तिने ती गाठ त्यांच्या हातातून घेतली आणि नखाने सोडवली. दोघांनी मिळून खोळ उतरवली. आत होडी नव्या काचेसारखी चमकत होती, कुठे साधा चरा नव्हता, आणि हजार किलोमीटर जिवापाड जपून आणलेल्या त्या होडीकडे कोणीच पाहत नव्हतं. महेश एकदा होडीकडे बघायचा, एकदा सासऱ्याकडे, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

होडी पाण्यात गेली. धोटेभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि खोळीची घडी घालायला लागले. घाटातल्या पावसाने ती बाहेरून चिंब झाली होती. अर्चना दारातून म्हणाली, "बाबा, ओली घडी केली तं बुरशी धरन. अस्तर खराब होईन. इकडची हवा दमट आहे, दोन दिवस तरी वाळवा लागन."

धोटेभाऊंनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं. तज्ज्ञ माणूस पाहतो तसं, उन्हाकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं.

"दोनात नाही वाळत," ते म्हणाले. "चार लागतात."

आणि ते जीपमधून आपली पिशवी काढायला गेले.